माझ्या हातात दिलेली गठडी

मी मूळची बार्शीची, सोलापूर जिल्ह्यातली. वडील, आमचे अण्णा, एस.टी. स्टँडवर हमाल होते, दंडावर बिल्ला लावलेले, आणि आई डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. हे मी आधीच सांगून टाकते, कारण इथं हॉलंडात, आर्नहेममध्ये, आपली मराठी मंडळी भेटली की विचारतात, बाबा काय करायचे, आणि मी हमाल म्हटलं की समोरचा जरासा थांबतो आणि मग म्हणतो, अरे वा, कौतुक आहे हं. कुणाचं कौतुक, अण्णांचं का माझं, ते काही सांगत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, बी.ई. इलेक्ट्रिकल, एकदाही नापास न होता, आणि त्याचा मला अभिमान आहे, लपवून काय करू. आज इथल्या एका वीज कंपनीत मी सबस्टेशनच्या संरक्षणाचं काम बघते, म्हणजे कुठं बिघाड झाला की कुठली लाइन आधी तुटली पाहिजे ते नकाशावर ठरवायचं. माझ्याशिवाय तो नकाशा पुढं जात नाही.

श्रीकांत मला पुण्यात पहिल्या नोकरीत भेटला. लग्न आम्ही आमच्या मर्जीनं केलं. त्याचे वडील बँकेत, आई शिक्षिका, माणसं चांगली, लग्नात त्यांनी अण्णांना मानानं वागवलं, खोटं कशाला बोलू. फक्त सासूबाई पाहुण्यांना सांगताना म्हणायच्या, सूनबाईंचे वडील ट्रान्सपोर्टमध्ये आहेत. एकदा मी सगळ्यांदेखत म्हटलं, आई, ट्रान्सपोर्टमध्ये नाहीत, हमाल आहेत. श्रीकांत हसला, मोकळं, अगदी पोट धरून हसला, आणि मला वाटलं, आपण माणूस बरोबर निवडलाय.

मग मला इथली नोकरी लागली आणि तो माझ्या राहण्याच्या परवान्यावर, नवरा म्हणून आला. तो पण इंजिनियर, माझ्यापेक्षा एक वर्ष सीनियर, पण जिथं जाईल तिथं विचारायचे, डच येतं का. एक अख्खा हिवाळा तो घरी बसला. दुपारी चारला अंधार पडायचा, मी सायकलवरून येईपर्यंत तो दिवासुद्धा लावायचा नाही. मी म्हणायचे, क्लास लाव रे, तो म्हणायचा, बघू. मग पुण्यातल्या एका ओळखीच्या गुजराती शेठनं त्याला टांझानियात अरुशाला बोलावलं, गाद्यांचा कारखाना, मेंटेनन्सचा मुख्य माणूस, बंगला, स्वयंपाकी, गाडी, ड्रायव्हर. मीच म्हटलं जा. दोन वर्षांचा करार, मग बघू. त्याला विमानतळावर सोडून परत आले आणि पहिल्यांदा रिकाम्या घरात शिरून मी दिवा लावला, तेव्हा काही वाटलं नाही. वाटायला नंतर लागलं.

काय सांगू तुम्हाला, इथला एकटेपणा वाईट नसतो, तो नीटनेटका असतो. शेजारीण गोड हसते, पण तिच्याकडं कॉफीला जायचं तर आधी दिवस ठरवावा लागतो. खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, माणसं नम्र. शनिवारी सुपरमार्केटमध्ये बिलाच्या काउंटरवरची मुलगी छान वीकएंड जावो म्हणते आणि सोमवारी ऑफिसात जाईपर्यंत तेवढंच एक वाक्य कुणी आपल्याशी बोललेलं असतं. मी कॉलिंग कार्ड आणून अरुशाला फोन लावायचे. सुरुवातीला कार्ड संपायचं आणि बोलणं राहायचं, मग हळूहळू बोलणं संपायला लागलं आणि कार्ड राहायला लागलं. जेवलास का, हो, तू, हो, थंडी आहे का, आहे. करार संपला आणि त्यानं मला न विचारता वाढवला. मला आठवड्यानं सांगितलं. तेव्हा मी ठरवलं, जायचं आणि समोर बसून विचारायचं, आपण एकत्र राहणार आहोत का नाही. हे फोनवर विचारता येत नाही, फोनवर माणूस बघू म्हणून सुटतो.

तो म्हणाला, आत्ता नको येऊस, कारखान्यात दुरुस्तीचं शटडाउन आहे. मी म्हटलं, तिकीट काढलंय, नैरोबीपर्यंतचं. मग म्हणाला, नैरोबीला गाडी पाठवतो. मी म्हटलं, नको, तिथून शटल बस जाते, सकाळी बसलं की दुपारी अरुशा, मी बसनं येते. मला बसचं कौतुक काय असणार, आमचं घरच बसवर चाललं, पण खरं सांगायचं तर त्याच्या ड्रायव्हरशेजारी पाहुण्यासारखं बसून मला जायचं नव्हतं.

तर ती शटल म्हणजे आपल्याकडच्या मिनीबससारखी, टपावर सामान, वर ताडपत्री बांधलेली. माझ्या शेजारी एक चांगली धिप्पाड बाई बसली, पन्नाशीची असेल, डोक्याला रंगीत फडकं. तिकडं मोठ्या बाईला मामा म्हणतात, तशी सगळी बस तिला मामा म्हणत होती. तिनं भाजलेलं कणीस मोडून अर्धं माझ्या हातात दिलं आणि चौकशी सुरू केली, इंग्रजी आणि स्वाहिली मिसळून, पण चौकशी कुठल्याही भाषेत कळते. कुठली तू, नवरा कुठं, मुलं किती. मी सांगितलं. दोन वर्षं, ती म्हणाली, दोन वर्षं नवरा स्वयंपाक्याच्या भरवशावर सोडलास, अगं, स्वयंपाक्याच्या भरवशावर मी कोंबडीसुद्धा सोडत नाही. मागचा एक म्हातारा पाद्री होता तो म्हणाला, मामा, तुझा नवरा म्हणूनच पळाला. ती म्हणाली, पळाला नाही, मी हाकलला. सगळी बस हसली आणि मीही हसले, आणि माझ्या लक्षात आलं की किती महिन्यांनी मी कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून बसलेय.

नमंगा म्हणून गाव आहे, तिथं सरहद्द. तिथली रीत अशी की आधी केनियाच्या बाजूला उतरून शिक्का मारून घ्यायचा, मग चालत पलीकडं जायचं, टांझानियाच्या ऑफिसात परत रांग, आणि बस रिकामी होऊन पलीकडं जाऊन उभी राहते. तिथल्या मसाई जमातीच्या बाया मण्यांच्या बांगड्या घेऊन अंगावर येतात, धूळ असते, ऊन असतं. आम्ही उतरलो आणि त्या मामानं टपावरून चार-पाच गठड्या खाली घेतल्या आणि वाटायला लागली, एक पाद्र्याला, एक कॉलेजच्या पोरीला. एका गोऱ्या जोडप्यापुढं धरली तर त्यांनी हात वर करून नाही म्हटलं, विमानतळावर सांगतात ना, अनोळखी माणसाचं सामान घेऊ नका, तसं. मग तिनं ती माझ्याकडं केली, आणि मी घेतली. विचारसुद्धा आला नाही. आमच्या बार्शीच्या स्टँडवर खिडकीतून कुणी पिशवी दिली, तान्हं पोर दिलं, तरी आपण घेतोच की, आणि मी तर अण्णांच्या मागं मागं लोकांच्या पिशव्या धरतच मोठी झाले. खांद्यावर टाकली आणि चालू लागले.

पाद्री सुटला, पोरगी सुटली, मला कस्टमच्या साहेबानं थांबवलं. इंडियन पासपोर्ट, हॉलंडहून आलेली, खांद्यावर गठडी, मीसुद्धा थांबवलं असतं. म्हणाला, हे कुणाचं. हातात सामान माझ्या, म्हणून मी म्हटलं, माझं. म्हणाला, आत काय आहे. आणि तिथं मी अडकले, कारण मला माहीतच नव्हतं. त्यानं गाठ सोडली. आत शाळेचे स्वेटर, मरून रंगाचे, नवे कोरे, लहान मुलांच्या मापाचे, गठडीभर. त्यानं एक एक टेबलावर मांडला आणि एकदम शांतपणे विचारलं, मॅडम, आपल्याला मुलं किती. मी म्हटलं, एकही नाही. रांगेतले लोक हसले. त्याचाही दोष नाही, त्याला विनोदच करायचा होता. पण त्या टेबलावर ते छोटे छोटे हात पसरून पडलेले स्वेटर, आणि माझं ते एकही नाही, मी कुठं बघावं मला कळेना.

तो म्हणाला, हा धंद्याचा माल आहे, जकात लागते, तुम्ही कुणाकडं चाललात, त्यांना बोलवा. आमच्या बसच्या ड्रायव्हरनं आपला मोबाइल दिला. मी श्रीकांतला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, तू कुठल्या तरी बाईची गठडी उचललीस. मी म्हटलं, हो. म्हणाला, स्टँडवरची सवय काही जायची नाही तुझी. आणि मग म्हणाला, थांब तिथंच, ड्रायव्हर पाठवतो.

नमंग्याहून अरुशा दोन तासांचा रस्ता. स्टँडवरची सवय म्हणाला ते मला लागलं, पण तेवढंच लागलं असतं तर मी भांडले असते, मला भांडता येतं. दुसरं वाक्य जास्त खोल गेलं. दोन वर्षांनी बायको येतेय, सरहद्दीवर अडकलीय, आणि माणूस म्हणतो ड्रायव्हर पाठवतो. मी जे विचारायला निघाले होते त्याचं उत्तर मला तिथंच मिळालं, टेबलाशी उभ्या उभ्या, दुसऱ्याच्या मोबाइलवर.

तेवढ्यात ती मामा आली. ती बसपाशी पोचली होती, तिच्या बाकीच्या गठड्या सुटल्या होत्या, एक सोडून दिली असती तर तिला कुणी विचारलं नसतं. पण ती परत आली आणि साहेबाला म्हणाली, हिला सोड, हिला काही कळत नाही, ही परदेशातून आलीय, माल माझा आहे. साहेब म्हणाला, मग बाकीच्या गठड्या पण आण. आता ती माझ्यावर चिडेल असं वाटलं. तिनं आणल्या. सगळ्याची जकात भरली, तोंडानं साहेबाच्या सात पिढ्या काढत भरली. आणि तेवढा सगळा वेळ आमची बस उभी होती, बाकीच्या बस निघून गेल्या तरी. मी चढले तर कुणी कुरकूर केली नाही. पाद्री म्हणाला, पोले, पोले, म्हणजे तुला त्रास झाला, वाईट वाटलं. तिकडं ठेच लागली तरी म्हणतात.

मामानं विचारलं, नवरा येतोय ना घ्यायला. मी म्हटलं, ड्रायव्हर येतोय. त्यानंतर अरुशा येईपर्यंत तिनं नवऱ्यावर एकही थट्टा केली नाही, नुसता माझ्या मांडीवर हात ठेवून बसली.

तो ड्रायव्हर वाटेत आम्हाला चुकला, मी टॅक्सीनं बंगल्यावर गेले. दुसरी कुणी बाई नव्हती, हे आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. बाई असती तर सोपं झालं असतं. श्रीकांत संध्याकाळी आला, म्हणाला, फोनवर बोललो ते मनावर घेऊ नकोस. मी म्हटलं, नाही घेतलं. जेवताना मी विचारलं, मी नोकरी सोडून इकडं येऊ का. तो म्हणाला, वेडी आहेस का, तू इथं काय करणार, तिकडं तुझं इतकं चांगलं चाललंय. मी म्हटलं, मग तू ये. बराच वेळ तो भातात बोटं फिरवत बसला. मग म्हणाला, त्या घरात मी परत नाही बसू शकत, सुमन. मला त्याचा राग येईना. तो पण त्या हिवाळ्यात एकटा होता, माझ्याबरोबर राहून एकटा होता, आणि मला वाटत होतं नोकरी नसल्यानं तसं झालंय.

निघायच्या दिवशी तो म्हणाला, स्टँडवर सोडायला येऊ का. मी म्हटलं, नको, कारखान्याला उशीर होईल. त्याच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं आलं ना, ते त्यानं लपवलंही नाही. मग आम्ही दोघांनी आपापल्या वकिलांकडून, न भांडता, सगळं मिटवलं. अण्णांना मी फोनवर सांगितलं, ते म्हणाले, तू जेवतेस ना वेळेवर. बस, एवढंच. सासूबाई अजून दिवाळीला फोन करतात. तो तिकडंच आहे, बरा आहे असं कळतं, बराच राहो.

मला विचाराल तर माझं काही अडलेलं नाही. काम आहे, घर आता माझ्या नावावर आहे, डच बोलते, चुकतमाकत पण मोठ्यानं बोलते. घरी कोण कोण असतं म्हणून कुणी विचारलं तर सांगते, मी असते. हे लिहा, आणि माझं नाव बदलू नका, मी काही लाज वाटण्यासारखं केलेलं नाही. त्याचं मात्र बदला.

आता अंधार पडायला लागला आणि तुम्हाला एनस्खेड्यापर्यंत जायचंय, जेवल्याशिवाय सोडणार नाही मी. बसा, भात टाकते. दोघींचा टाकायचा तर पाण्याचा अंदाज चुकतो हल्ली माझा, मऊ झाला तर सांभाळून घ्या.