मुखेडची लाइन

दुष्काळातलं ते आठवलं की अजून मान खाली जाते बघा. तेव्हा नांदेडच्या आमच्या ऑफिसात तालुक्यांच्या टँकरच्या याद्या फोनवरून मोडेमने यायच्या. लाइन खराब असली की मोडेम आपणहून वेग कमी करायचा. काम लवकर उरकावं म्हणून मी तो वरच्या वेगावर बांधून टाकला. मग मुखेड तालुक्याच्या खराब लाइनवरून फोन यायचा, पण जोडणी होईना. तिथल्या वयस्कर लिपिकाला, शिवलिंगअप्पांना, मी फोनवर झापलं, "झोपा काढून राहिलात का?"

चौथ्या दिवशी अप्पा यादी घेऊन एसटीनं आले. "साहेब, टँकरविना चार गावांत प्यायला पाणी न्हाई."

मी गुपचूप मोडेमचं सेटिंग पूर्ववत केलं.

"काय बिघडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तुमची लाइन," मी म्हणालो.

अप्पांनी हात जोडले. "माफ करा साहेब, आमच्यामुळं तुम्हाला लई तरास झाला."