मोळीच्या उंचीची वाट

मी मूळची साताऱ्याकडची, म्हणजे वडील तिकडचे, मी जन्मले अंबरनाथला, बुवापाड्यात, आणि तिथंच दोन गल्ल्या सोडून लग्न झालं, त्यामुळे माझा प्रवास केवढा ते तुम्हीच मोजा. लहानपणापासून दारात उभं राहिलं की डोंगर दिसायचे, पण दिसायचे एवढंच. डोंगरावर जायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. कपडे वाळत घालताना ढग कुठनं येतात ते बघायला डोंगर. मी एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला लागले, वीस वर्षं खोके बंद केले, अजून करते, चोपन्न वय आहे माझं, सुनंदा नाव लिहा, आडनाव राहू द्या.

तर सुरुवात कशी झाली. कंपनीतल्या आम्ही बायका एका रविवारी कोंडेश्वरला गेलो, बदलापूरहून, डबे घेऊन. सगळ्या पाण्यात पाय सोडून बसल्या आणि सासूचा विषय निघाला, आणि तो विषय निघाला की दोन तास हलत नाही, म्हणून मी म्हटलं मी जरा वर जाऊन येते. पुढं एक पाडा आहे. त्याचं नाव सांगणार नाही, तुम्हीही लिहू नका, नाव छापलं की पुढच्या रविवारी माणसं स्पीकर घेऊन हजर. त्या पाड्याच्या मागनं चांगली रुळलेली वाट वर जात होती, मी निघाले. वाट मोठी छान, पायाखाली मऊ, आणि अर्ध्या तासात मी कमरेत वाकून चालतेय, मग गुडघ्यावर, आणि मग समोर झुडूप आणि शेणाचा पो. वाट संपली. मागं वळले तर तशाच तीन वाटा. काय सांगू तुम्हाला, घाबरले नव्हते असं म्हणणार नाही.

तेवढ्यात वरनं एक बाई आली, डोक्यावर लाकडाची ही एवढी मोळी, दोन्ही हात मोकळे, आणि तोंडात काहीतरी चघळतेय. तिनं मला झुडपात बसलेली बघितलं आणि हसायला लागली. म्हणाली, काय गं बाय, ढोरांच्या वाटंनं कुठं निघालीस, चरायला का? ही बारकीबाई. ठाकराची. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी असेल, तिचं तिलाही नक्की माहीत नाही. मी म्हटलं वाट तर चांगली होती की. ती म्हणाली, तू खाली कशाला बघतेस, खाली सगळ्याच वाटा सारख्या, वर बघ. ढोराच्या डोक्यावर काय नसतं, बाईच्या असतं.

एवढंच. पण मी वीस वर्षं कंपनीत आहे, नवे नवे सुपरवायझर आले, मशीन आली, एका वाक्यात एवढं शिकवणारं कुणी मला भेटलं नाही. गुराची वाट खाली मोकळी असते आणि वर फांद्या तोंडावर येतात. मोळीवाल्या बाईची वाट वरनं मोकळी असते, तिच्या डोक्याच्या वर हातभर, आणि दोन्ही बाजूंना मोळीची रुंदी सुटेल एवढी, कारण मोळी फांदीला अडकली की मान मुरगळते, म्हणून जाता-येता बायका कोयत्यानं फांदी उडवत जातात. सासूनं उडवलेली, तिच्या सासूनं उडवलेली. त्या मोळीच्या वाटेनं बारकीबाई मला खाली घेऊन आली, आणि त्यानंतर मी तिथं जातच राहिले.

नवरा म्हणाला, डोंगरात काय ठेवलंयस? मी म्हटलं, घरात तरी काय ठेवलंय. मग एकटी कशाला म्हणून दोघी-तिघी आल्या, मग कविता आली. कविता सिंधी, उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात तिचं कापडाचं दुकान, आमचे ड्रेस तिच्याकडचे. चांगली जाडजूड बाई, गुडघा दुखरा, पण बोलायला लागली की सगळ्यांना दमछाक आपोआप विसरायला होते. आमचा नियम सोपा. साडेसहाला बदलापूर पूर्वेला हजर राहायचं, तिथनं टमटम, आणि टमटम कुठली, तर पाड्यातच राहणारा ड्रायव्हर असेल ती, कारण त्याला जेवायला घरी यायचंच असतं. परतीची गाडी आधी ठरवायची, मग चढायचं. डोंगर कुठं जात नाही, टमटम जाते. दीड तास चढ, वर सपाटी, तिथं भाकरी खायची. तिथनं आमचं सगळं दिसतं, उल्हास नदी, अंबरनाथच्या कारखान्यांच्या चिमण्या, पलीकडं मलंगगड. पहिल्यांदा आलेली बाई आधी आपलं घर शोधते. दिसत नाही कुणालाच, पण शोधतात.

मग पाड्यात गॅस आला. आता मी पूर्वीचं ते चांगलं म्हणणाऱ्यातली नाही. बारकीबाईच्या मानेला मागं गाठ आलेली मी हात लावून बघितलीय, सुपारीएवढी. गॅस आला ते बरंच झालं. पण मोळ्या थांबल्या आणि दोन पावसाळ्यांत वाट मिटली, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही, हा माझा गाढवपणा. त्या वर्षी आम्ही दुसऱ्या बाजूनं चढलो, नऊ जणी, म्हटलं उतरताना आपली नेहमीची वाट आहेच. उतरायला लागलो तर वाटेत एक जुना उंबर आहे, त्या उंबरापासून पुढं कारवी अशी माजलेली की हात घालायला जागा नाही. वर बघितलं तर आभाळच नाही. शेजारी एक वाट मोकळी दिसली, मला सगळं माहीत असून मी ती धरली, कारण आठ बायका मागं उभ्या होत्या आणि मला थांबायची लाज वाटली. ती वाट कड्यावर गेली. गुरं तिथं वाऱ्याला बसत असतील, आम्हाला पुढं पाय टाकायला जागा नव्हती. दुपारचे तीन वाजलेले. कविता गुडघा धरून खाली बसली आणि म्हणाली, दीदी, तुम तो बोली थी घर जैसा रास्ता है, अभी घर का दरवाज़ा किधर है? कुणी हसलं नाही.

मी सगळ्यांना परत वर सपाटीवर नेलं, तिथं फोन लागतो. बारकीबाईच्या सुनेला फोन केला. तासाभरानं उंबराखालनं आधी कोयत्याचा आवाज आला, टक टक, मग ती स्वतः. साठी उलटलेली बाई, एकटी, त्या मिटलेल्या वाटेतनं वर. मला रागावलीसुद्धा नाही. चला म्हणाली. ती पुढं, आम्ही मागं, आणि ती कुठं बघत नव्हती हो, पाय पडत होते तिथं वाट होती. आम्हाला झाडी दिसत होती आणि तिला वाट. टमटमवाला थांबला होता, तिनंच सांगून ठेवलेलं. गाडीत बसताना ती मला म्हणाली, आता मी हाय तवर. माझ्यामागं ही वाट नाय. रडून नाही, दूध संपलं म्हणून सांगावं तसं सांगितलं.

ते मला लागलं. तिच्या घरातल्या तीन-चार पिढ्यांनी मानेवर घेऊन राखलेली वाट, आणि आम्ही दहा वर्षं फुकट चाललो तिच्यावरनं. दसरा झाल्यावर आम्ही सहा जणी कोयते घेऊन गेलो. कंपनीतल्या बायका, शिस्तीच्या, पण एक खाली कापतेय, एक उगाच उंच, दोघींचं भांडण की रस्ता किती रुंद पाहिजे. बारकीबाई थोडा वेळ बघत राहिली आणि मग ओरडली, थांबा गं, का डोंगराचे केस कापताय? तिनं वाळकी लाकडं गोळा केली, वेलीनं मोळी बांधली, लुगड्याच्या धडप्याची चुंबळ वळली आणि माझ्या डोक्यावर ठेवली, वर मोळी. म्हणाली, चल. जिथं लागंल तिथं काप, नाय लागली तिथं झाडाला हात लावू नको.

शंभर पावलांत मला कळलं त्या गाठीचं. मान हलवता येत नाही, पाय बघता येत नाही, हात वर केला की तोल जातो. या बाया हे रोज करत होत्या आणि वर गप्पा मारत होत्या. आम्ही आळीपाळीनं घेतली मोळी. आणि सगळ्यात लांब कुणी नेली, सांगा. कवितानं. गुडघा दुखत होता तरी उंबरापासून ओढ्यापर्यंत, एक शब्द न बोलता, तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शांतता असेल. बारकीबाई तिला म्हणाली, सिंधीन बाय, तू ठाकराच्या घरी चालशील. कविता म्हणाली, मौसी, रोटी बनानी नहीं आती. मग नको, म्हणाली.

तेव्हापासून दर वर्षी दसरा झाला की आम्ही मोळी घेऊन उतरतो. लाकडं तिच्या कामी येतात, अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. आता ती चढत नाही, खुबा गेला, ओट्यावर बसून असते. आम्ही मोळी टाकली की पाणी विचारायच्या आधी विचारते, कुठं लागली? पाच वर्षं मी सांगतेय, नाही लागली. या खेपेला म्हटलं, उंबराच्या वळणावर जरा लागली. तर केवढी चिडली. मग खाली कशाला आलीस? म्हटलं अहो मावशी, टमटम जाईल. जाऊ दे टमटम, म्हणाली, पण मग स्वतःच म्हणाली, जा, पुढच्या रविवारी ये आन् तेवढं काप, तुझ्यामागनं येणारी पोरगी तरी धड जाईल.

म्हणून या रविवारी परत जातेय, उंबरापर्यंतच. तुम्ही येताय तर या, साडेसहाला, पाणी दोन लिटर, चपला नकोत. आणि उतरताना मोळी तुमच्या डोक्यावर. तुमची उंची माझ्यापेक्षा बरी आहे, वाट वरनं आणखी वीतभर मोकळी होईल.