ओस पडलेल्या बाकांमधला एक ‘होय’

म्हसावदकर मंडळी, पंचक्रोशीतून आलेल्या माय-बहिणींनो, शेवंता वहिनी,

रूपसिंगभाऊंच्या या शोकसभेत बोलायला उभा राहिलो आहे. इथे येताना कागदावर चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या खिशातच राहू द्या. रूपसिंगभाऊ देवमाणूस होते, असं माझ्या आधी सगळे म्हणाले. मी ते म्हणणार नाही. मी एवढंच सांगतो की या माणसाचा मी आयुष्यभर हेवा केला. आजही करतो.

आम्ही दोघं एकाच पक्षात वाढलो. एकाच जीपमधून फिरलो. तिकीट मात्र त्यांना मिळालं आणि ते आमदार झाले. मी गर्दीत उभा राहून त्यांच्या गळ्यातले हार मोजले नाहीत, पण पाहिले सगळे.

आता सलीमचं सांगतो. नव्या पिढीला ठाऊक नसेल. सलीम शहाद्याचा. दिवसा गाद्या भरायचा आणि बंदोबस्ताला होमगार्ड म्हणून उभा राहायचा. तापीला पूर आला, प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला एक कुटुंब केळीच्या मळ्यात अडकलं. आपल्याकडे बोट नव्हती. बोट दुसऱ्या जिल्ह्यातून यायची होती. सलीमनं कमरेला दोर बांधला आणि पाण्यात उतरला. पोरांसकट सगळं कुटुंब वाचलं. सलीम वाचला नाही. भाऊ काठावर उभे होते. सलीमची आई, हमीदाबी, इथे समोर बसल्या आहेत. त्यांच्यासमोर मी जास्त काय सांगू?

त्याच हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या आल्या. त्यात आपल्या जिल्ह्यासाठी बोट होती, बचाव पथक होतं, होमगार्डच्या भत्त्याची तरतूद होती. आमचा पक्ष तेव्हा विरोधात. दुसऱ्याच एका प्रश्नावरून सभात्याग करायचा, असं सकाळीच ठरलेलं. मी त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत होतो. कशासाठी? पुढच्या वेळचं तिकीट मागायला गेलो होतो. खोटं कशाला बोलू?

आमचे सगळे सदस्य घोषणा देत उठले आणि बाहेर गेले. बाकं ओस पडली. त्या ओस बाकांमध्ये एकच माणूस बसलेला. अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे. समोरून शंभर आवाज आले. आणि आमच्या बाजूनं एक आला. जाड, आपल्याकडचा आवाज. होय! सरकार पक्षानं हसून बाकं वाजवली. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मंडळी, त्या क्षणी मला काय वाटलं असेल? आनंद झाला. तिकीट माझं झालं! आणि त्याच क्षणी हेवाही वाटला. कारण त्या जागी मी असतो तर इतरांबरोबर उठून बाहेर गेलो असतो, हे मला पक्कं माहीत होतं.

बाहेर व्हरांड्यात गाठलं त्यांना. म्हटलं, “भाऊ, काय केलंत हे? तिकीट गेलं तुमचं.”

म्हणाले, “गयं ते गयं. च्या पिशी का?”

मी चिडलो. म्हटलं, “अहो, बहुमत त्यांचं आहे. तुमच्या ‘होय’शिवायही मंजूर झालंच असतं की!”

कपात चहा ओतत म्हणाले, “ते व्हयीच जाई, मले माहीत शे. पण सलीमनी माय इचारी, तवय तू कोठे व्हता, ते मी काय सांगू?”

मी कप घेतला. चहा प्यायलो.

आणि हे काही एका दिवसाचं नव्हतं. एरवी भाऊ कधी कधी मतदानाच्या वेळी कॅन्टीनमध्ये सापडायचे. पण अग्निशमन, रुग्णवाहिका, होमगार्ड यांच्या पैशाचा विषय आला की बाकावर. दरवर्षी. भाषण नाही, पेपरात फोटो नाही. फक्त हजर, आणि ‘होय’.

पक्षानं भाऊंना नोटीस दिली आणि तिकीट मला दिलं. भाऊ अपक्ष उभे राहिले असते तर मी पडलो असतो. राहिले नाहीत. माझ्याच प्रचाराला आले. मी निवडून आलो. बोट आली, तिची फीत मी कापली. माझ्या घरावर पाटी लागली. पण गावोगावी लोक ‘आमदार’ म्हणत ते त्यांनाच! माझ्या तोंडावर म्हणत.

मागच्या पुरात त्याच बोटीनं माझी आई आणली. थोरल्या भावाकडे नदीकाठी होती. मी काठावर उभा, माझ्यामागे अधिकारी उभे. आई उतरली. विचारते, “आमदार कोठे शे?”

हवालदार म्हणाला, “आजी, हाऊ काय उभा शे, तुमनाच पोऱ्या.”

आई म्हणाली, “हाऊ ते मन्हा पोऱ्या शे. मी आमदारले इचारस.”

भाऊ बाजूला चिखलात उभे राहून बोटीचा दोर ओढत होते. आई त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग माझ्याजवळ आली. सख्खी आई हो माझी! सांगा, कोणाला हेवा वाटणार नाही?

गेल्या आठवड्यात भाऊ गेले. शेतातून आले, पाणी मागितलं, आणि वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. अंत्ययात्रेला मी पोचलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होमगार्ड. अग्निशमनची मुलं. बोटीवरची मुलं. सगळी गणवेशात, कडक. तिरडी पुढे गेली तसे हात कपाळाला गेले. मी पोलीस निरीक्षकांना विचारलं, “आदेश कोणी काढला?”

ते म्हणाले, “साहेब, कोणीच नाही. आपापले आलेत.”

मंडळी, मी गेल्यावर माझ्यासाठीही गणवेश येतील. आदेश निघेल, म्हणून येतील.

भाऊ, तुमची आमदारकी मी घेतली. ही रांग मला कुठून मिळणार? तुमच्यावर जळायचं मी थांबवणार नाही. तेवढंच तुमचं माझ्याजवळ उरलंय.