वरची पायरी

वहिनी: भाऊजी, आधी बसा तरी. ते सामान खाली ठेवा.

भाऊजी: बसत नाही. नोकरी गेली, ड्रिलरचं टेबल रिकामं करून निघालोय. म्हटलं, जाता जाता माफी मागावी. तुम्ही डोळ्यांत तेल घालून नकाशे काढलेत, तेलविहिरीची जागा नेमून दिलीत, आणि मी ती वाकडी खणली. कोरडी निघाली.

वहिनी: वाकडी म्हणजे जराशी पश्चिमेला सरकली.

भाऊजी: साहेब काल सगळ्यांसमोर म्हणाले ना, ‘जागा अचूक होती, ड्रिलरने माती केली.’ तुम्ही मान खाली घालून बसला होतात. इतकं वाईट वाटलं मला तुमच्यासाठी!

वहिनी: माझ्यासाठी? भाऊजी, दाराबाहेरचा तो जिना बघा. जमिनीखाली खडक तुटला की एक बाजू अशीच खाली बसते. वरून नदी वाहिली, तर तिची वाळू कुठे साचेल?

भाऊजी: खालच्या पायरीवर. हे काय विचारणं झालं?

वहिनी: आणि ती पायरी खचतच राहिली तर?

भाऊजी: वाळूचा थर वाढत जाईल.

वहिनी: त्याच वाळूत तेल मुरतं. मी जागा दिली वरच्या पायरीवर. तेल वर चढतं, एवढंच धरून बसले. वाटलं, आधी वाळू साचली, मग खडक तुटला, म्हणजे वरही वाळू असणार. पण दोन्ही बरोबरच चाललं होतं. वर वाळू नव्हतीच.

भाऊजी: म्हणजे सरळ गेलो असतो तरी...

वहिनी: कोरडीच. खालची पायरी पूर्वेला आहे. तिकडे भरकटला असतात, तर कदाचित लागलं असतं.

भाऊजी: हे कधी कळलं तुम्हाला?

वहिनी: विहिरीतले खडकाचे तुकडे पाहिले तेव्हा. मीटिंगच्या आधी.

भाऊजी: आधी?

वहिनी: सांगणारच होते हो. तेवढ्यात साहेबांनी तुमचं नाव घेतलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं खरं.

भाऊजी: म्हणून काल जेवताना सारखं माझ्याच पानात वाढत होतात.

वहिनी: हो.

भाऊजी: आणि मी दादाला म्हणालो, वहिनीचं मन मोठं आहे.

वहिनी: नका हो असं बोलू. साहेब जेवायला गेलेत, आले की सांगते.

भाऊजी: फोन आहे ना जवळ?

वहिनी: आहे. पण तुम्ही घरी जा, मी...

भाऊजी: (खुर्ची ओढून) आता बसतो. लावा. स्पीकरवर ठेवा.