खडूने फिरवलेली चाकं

नाही भावोजी, दोष मामाचाच. तुमचे सासरे म्हणून तुम्हाला बोलता येत नसेल, मला येतं, माझ्या आईचा सख्खा भाऊ आहे तो — विमानाचा टायर फुटला तो त्याच्यामुळे फुटला, हे मी चौकशी कमिटीसमोर बोललो, आईच्या तोंडावर बोललो, आणि आता तुम्ही एवढे पत्ता शोधत आलाच आहात तर तुमच्यासमोरही बोलतो. तो कागद आधी खिशात ठेवा. ठेवा हो, इथे हात लावाल तिथे ग्रीस आहे, डाग पडला तर वकिलाकडून परत टाइप करून आणावा लागेल. बसा त्या टायरवर. ट्रकचा आहे, तुमचं वजन घेईल. मालक जेवायला गेलेत, तासभर येत नाहीत, तोवर दुकान माझं. आणि मास्क नाकावर घ्या, हनुवटीला काही होत नसतं.

वाचलं मी काय लिहिलंय ते. फोनवर ताईने फोटो पाठवला होता. 'सदर दिवशी शिफ्टप्रमुखांनी विमान ओढून चाके फिरवण्याची स्पष्ट सूचना दिली होती, ती मी पाळली नाही व जागच्या चाकावर खडूची खूण केली.' खाली माझं नाव, सहीला जागा. छान भाषा आहे, सदर काय, व काय, मामाला शिफ्टप्रमुख काय. मी सही केली की मामाचं लायसन परत मिळणार, दोन वर्षं राहिलीत ती मानाने पुरी होणार, निरोपाला हार, नारळ, सगळं. आणि माझं? माझं काय, मी तर कॉलेज सोडलेला, माझं आधीच वाया गेलेलं, त्यात आणखी काय वाया जाणार — असंच ठरलं ना तुमच्या घरात जेवणाच्या टेबलावर? नका मान हलवू. मी त्या टेबलावर जेवलोय, मला माहीत आहे तिथे काय काय ठरतं.

तुम्ही बँकेतले, तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसणार. विमान उडायचं बंद झालं की कुठे जातं, कधी विचार केलात? लोकांना वाटतं, साथ आली, विमानं थांबली, दारं लावली, झालं. घरी स्कूटर लावून ठेवतो तशी. तसं नसतं भावोजी. विमान उभं राहिलं की सडायला लागतं. इंजिनात पाखरं घरटी करतात, नळ्यांत गांधीलमाशा माती भरतात, आत सीटांना बुरशी येते. आणि चाकं — चाळीस टनाचं धूड एकाच जागी उभं राहिलं की टायर खालून चपटा होतो, पोट बसतं त्याचं. म्हणून नियम असा, की दर आठवड्याला विमान थोडं ओढायचं, चाक पाव फेरा फिरवायचं. फिरलं हे कळावं म्हणून टायरवर खडूची रेघ. या शुक्रवारी रेघ वर, पुढच्या शुक्रवारी बाजूला, त्याच्या पुढच्या शुक्रवारी खाली. तिचा फोटो काढायचा, हेड ऑफिसला पाठवायचा. एवढंच काम. शाळेतल्या पोरालाही जमेल असं — आणि माणसं असतील तर जमतंच. एक जण आत ब्रेकवर, एक टग, म्हणजे विमान ओढायचा ट्रॅक्टर, चालवायला, दोघं पंखांखाली बघायला. चार माणसं, एक टग.

आमच्याकडे एकतीस विमानं होती. दुसरी धावपट्टी बंद करून तिच्यावर नाकाला शेपूट लावून उभी केलेली, टोकापासून टोकापर्यंत. फटींतून गवत वर आलं होतं. इतकी शांतता की कुंपणापलीकडच्या रस्त्यावर कुणी शिंकलं तर आम्ही एकमेकांकडे बघायचो. शिफ्टला आधी अठ्ठावीस माणसं होती. बिनपगारी रजेची पहिली यादी लागली, सोळा गेले. दुसरी लागली, पाच गेले. मामा सोडून राहिलो सात. एक आजारी पडला. टगच्या ड्रायव्हरची बायको दवाखान्यात गेली ती परत आली नाही, मग तोही आला नाही, कोण बोलवणार त्याला. आणि वर टगच बिघडला. त्याचा एक पार्ट परदेशातून यायचा होता. कसा येणार? विमानाने. विमानं कुठे? आमच्यापुढे, रांगेत. हसा भावोजी, आम्हीही हसायचो, दुसरं करणार काय.

तर त्या शुक्रवारी मामा आला, सगळ्यात पुढच्या विमानाखाली उकिडवा बसला, खिशातून फडकं काढलं, वरची रेघ पुसली, बाजूला नवी काढली. हात झटकले आणि म्हणाला, "फिरलं."

बस, एवढंच. फिरलं. मी म्हटलं, मामा, हे फिरलं कुठे? मला वाटलं थट्टा करतोय. तो उठला, गुडघे धरून उठतो तसा, आणि सगळ्यांसमोर म्हणाला की बाबा रे, तू इंजिनिअरिंग दोन वर्षांत टाकून आलास, आईच्या रडण्यावर मी तुला इथे चिकटवला, आता निदान इथे तरी मोठ्यांचं ऐक. बाकीचे चौघं बुटाकडे बघत होते. मोठ्यांचं ऐक! मोठे लोक म्हणजे कोण, जरा सांगा मला. सबंध आयुष्य ज्याने आम्हाला सांगितलं की मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो — आई अजून सांगत असते शेजारणीला, माझा भाऊ नुसत्या आवाजावरून इंजिनातलं बेअरिंग ओळखतो — तो माणूस खडू हातात धरून बसलाय. मला राग त्याचाच आला. भामट्याचा येत नाही एवढा.

हेड ऑफिसमुळे झालं म्हणता? झालंच की, मी कुठे नाही म्हणतो. तिकडून मेल यायचे, शुक्रवारी चारच्या आत फोटो आले पाहिजेत. एकही मेल असा नाही की बाबांनो, पाच जणांत कसं करताय? पण मामाला फोन होता ना. एक फोन उचलून एक वाक्य म्हणायचं होतं, साहेब, चाकं फिरत नाहीयेत. म्हटलं का? नाही म्हटलं. का, तर तिसरी यादी येणार होती आणि कुरकुर करणारे तिच्यात पहिले असतात. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस यादीला घाबरला, ठीक आहे, घाबरावं, पण मग घरी येऊन आम्हाला ताठ मानेची भाषणं देऊ नयेत.

सोळा आठवडे चाललं. पहिले दोन आठवडे मामाने स्वतः रेघा काढल्या, मग त्याच्या गुडघ्याला झेपेना, मग मी. एकतीस विमानं, दर विमानाला सहा चाकं, दीड तासात सगळी फिरवायचो मी. वेगाने फिरवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. रेघ जराशी वाकडी काढायची, म्हणजे फोटोत खरी वाटते. एखादी अर्धवट पुसायची, ओढताना घासली असेल असं वाटलं पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच — जाऊ दे, ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की कागद स्वच्छ झाले. इतके स्वच्छ की पुन्हा विमानं सुरू झाली आणि रांगेतलं शेवटचं पहिल्या उड्डाणाला निवडलं, तेव्हा कुणी म्हटलंच नाही की टायर बदला. कशाला बदलतील? दर आठवड्याला फिरलेत, हे बघा फोटो. वरून टायर टकाटक होता. बसलेली बाजू जमिनीकडे.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. धावता धावता उजवीकडचा फुटला, तुकडे पंखाला लागले, पायलट चांगला होता, दाबून थांबवलं त्याने. त्र्याण्णव माणसं घसरगुंडीवरून खाली आली, तोंडावर ती प्लास्टिकची झापडं बांधलेली. मी धावत गेलो होतो. एक बाई खाली पडल्या होत्या, पाय घोट्यापाशी भलतीकडेच वळलेला, आणि मला विचारत होत्या, दुसरं विमान कधी आहे? मुलीचे दिवस भरलेत, पाच महिने तिकिटासाठी थांबलेय, दुसरं कधी आहे सांगा. मी त्यांची पर्स उचलून दिली. बस.

कमिटीने सगळ्यांना बोलावलं. चौघांनी सांगितलं, आम्हाला काही माहीत नाही. मामाने सांगितलं, चाकं फिरवली होती, टायरच खराब माल असणार. मी सांगितलं, खडू. फडकं. शुक्रवार. फिरलं. सगळं. त्या दिवशी घरी आलो तर आई दारातच उभी, तिला आधीच कळलेलं. ओरडली नाही. म्हणाली, "तुला भाकरीला लावणाऱ्याच्याच पोटावर पाय दिलास." मी म्हटलं, आणि त्या बाईच्या पायाचं काय? ती आत गेली. तेव्हापासून ताट वाढते, बोलत नाही. बोलू नको म्हणावं. सगळं घर खोटं पचवून बसलं होतं, मी एकटा खरं बोललो, म्हणून कमिटीच्या साहेबांनी मला बाहेर काढलं तरी लायसनच्या परीक्षेतून नाव कापलं नाही. म्हणाले, याने सांगितलं नसतं तर आणखी तीस विमानं त्याच टायरांवर उडाली असती, याला बसू द्या. पुढच्या महिन्यात आहे. तोवर हे पंक्चरचं दुकान — ते बघा, पुस्तकं ट्यूबांच्या मागे ठेवलीत. मामाच्या मेहेरबानीशिवाय मेकॅनिक होणार मी. म्हणून तुमच्या कागदावर सही नाही. खोटं लिहिलंय म्हणून नाही. अहो, त्या शेवटच्या शुक्रवारी टग दुरुस्त होऊन आला आणि मामा एकदाचा म्हणाला की आज रांगेतलं शेवटचं ओढा, खडू नको, म्हणून काय आधीचे सोळा शुक्रवार धुऊन निघाले? एकदा तोंडाने ओढा म्हटलं की —

काय झालं? असं काय बघताय?

हो. म्हणाला होता. सतरावा शुक्रवार. बोललो ना आत्ता, ऐकलंत ना, मग परत काय विचारता? म्हणाला होता, आणि मी ओढलं नाही. आदल्या दिवशी कँटीनमध्ये चौघांसमोर म्हणाला होता की शिक्षण सोडलेल्याच्या हातात खडूच शोभतो. सगळे हसले. मी पण हसलो. मग दुसऱ्या दिवशी मला सांगतो, खडू नको. म्हटलं, का नको? शोभतो ना? टग दुसऱ्या टोकाला उभा होता, ऊन मी म्हणत होतं, मी गेलो, बसलो, रेघ काढली. फोटो पाठवला. कमिटीने विचारलं, शेवटच्या आठवड्यातही त्यांचीच सूचना? मी म्हटलं, हो.

एका आठवड्याने काय होतं भावोजी? सोळा आठवडे बसलेला टायर, सतराव्याने काय मोठा फरक — मी स्वतःला रोज हेच सांगतो, तुम्ही मला सांगू नका. होतो फरक. ओढलं असतं ना, तर दहा पावलांत ते चाक थडथडलं असतं. चपटं चाक थडथडतं, आंधळ्यालाही कळतं. मामाला तर लांबूनच ऐकू आलं असतं. म्हणून तर ओढायला सांगितलं त्याने, एवढं मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं. आणि तरी मी रेघ काढली, जराशी वाकडी.

बरं. द्या तो कागद. द्या म्हणतो ना, पेनही द्या. नाही, त्या बाजूला नाही, मागे कोरा आहे ना, मागे. तुमच्या वकिलाच्या भाषेत मला लिहिता येत नाही. 'सोळा आठवडे मामाच्या सांगण्यावरून चाकं न फिरवता खडू लावला. सतराव्या आठवड्यात त्याने ओढायला सांगितलं होतं. मी ओढलं नाही. कमिटीला खोटं सांगितलं.' सही. तारीख. डाग पडला, असू दे. थांबा, फोटो काढतो. कमिटीच्या साहेबांचा नंबर आहे माझ्याकडे. नाही, घरी विचारून मग बघू वगैरे काही नाही. तुम्हाला सतरावा हवा होता ना? सोळांसकट मिळेल, एकटा नाही मिळणार. यात मामाचं लायसन परत येतं का नाही ते तुमचं तुम्ही बघा, त्याचे सोळा आठवडे मी माझ्या अंगावर घेणार नाही, कुणी पाया पडलं तरी.

हा बघा. गेला.

उठा आता त्या टायरवरून, बाहेर गिऱ्हाईक थांबलंय. ताईला काय सांगायचं ते सांगा. माझी परीक्षा गेली.