खिडकीतली ती वीट

थांबा धुळाप्पामामा, घण खाली ठेवा जरा, च्या घ्या. — न्हाय न्हाय, भिंत फोडायचीच हाय, त्यात बदल न्हाय. पाच वर्सांमागं भट्टीची ही खिडकी तुमीच बुजवली, आता तुमीच उघडायची. हसू नका. व्हय, तवा म्याच म्हणलो व्हतो, एक फट ठेवू नका म्हणून. कशापायी? — वाऱ्यापायी! वारा आला की चुलीतली राख उडायची, दुधाच्या कढईत पडायची, न् भूमचा व्यापारी एक काळा कण बघून सगळा खवा माघारी धाडायचा. ह्या बलभीमचा, माझा खवा माघारी! ईट गावात तोंड दाखवायची चोरी झाली व्हती. खिडकी बुजली, तवापास्नं खव्याला डाग म्हणून न्हाय.

धूर? धूर जातो की दारातनं. — तुमी बी तेच विचारताय, आमची कारभारीण कमल बी तेच विचारायची. म्या म्हणायचो, आमच्या आयनं चुलीपुढं जलम काढला, तुलाच काय झालंय? सवय व्हती म्हणायचो. लई बोलायचो म्या, मामा.

कुठं हाय ती? माहेरी गेलीय, अणदूरला. — च्या गार व्हतोय. — न्हाय, माहेरी न्हाय. तुमच्यापाशी काय लपवायचं! बार्शीला दवाखान्यात हाय, नाकाला नळी लावून. डाक्टरनं छातीचा फोटू उजेडाला धरला न् मला विचारलं, बाई बिडी वढतेत का? म्हणलो, साहेब, सुपारीचं खांड बी तोंडात टाकत न्हाय. मग काय करतेत? — खवा आटवती. — रोज किती तास? आता मला काय ठावं! म्या दूध वतून भाईर लिंबाखाली बसायचो. परवा म्हणलं, बसून तर बघावं. बसलो. डोळं झोंबलं, छाती धरली, अर्ध्या तासात दारात येऊन वकलो. ती पाच वर्सं बसली, मामा.

कुरकुर? कधीच न्हाय. — न्हाय, केली व्हती. ही वीट बघा. हिचा शिमिट येगळा दिसतोय का न्हाय? तुमचा न्हाय तो. तिनं ही वीट उलथन्यानं कोरून मोकळी केली व्हती, बसल्या जागी बरोबर तोंडाम्होरं. म्या खवा घेऊन भूमला गेलो की काढायची, गाडीचा आवाज आला की लावायची. एक दिस म्या पायीच लवकर आलो. हितं भाईरनंच शिमिट कालवला. भोकातनं तिचा डोळा दिसत व्हता. वीट बसस्तोवर दिसत व्हता.

उद्या आणायचंय तिला, म्हणून घाई. आल्या आल्या तिला ही खिडकी उघडी दिसावी. — काय? डाक्टरनं धुरात बसू नको म्हणलंय, मग खिडकी कुणासाठी? — आत... आत आता शिवांजली बसती. आमची सून. कोण न् कोण बसायलाच लागतंय की! दूध काय थांबतंय व्हय? तोंडाला पदर बांधून बसती बिचारी, तक्रार म्हणून न्हाय ति...

ऐकलं का? — कसला म्हणजे? खोकला की.

शिवांजले, कढई राहू दे, भाईर ये आधी! — तुमी काय बघताय माझ्या तोंडाकडं? ठेवा तो कप. पैली ती वीट.