शाईचा डोळा

ती सुई ठेव आधी पेटीत. रक्त न्यायला आलीस, चहा पी नि जा. फॉर्मवर मीच लिहायला लावलंय — घराण्यात डोळ्याचा रोग: नाही. नातीचा, दिशाचा, एक डोळा काढला कॅन्सरनं, तीन वर्षांची पोर — ते सुनेच्या माहेरचं. नमिताला तोंडावर सांगितलंय मी. काय? तिचं रक्त साफ निघालं, दोष नितेशकडनं आला? ठाऊकाय गं, माझ्याच पोरानं कागद दोनदा वाचून दाखवला. त्याचे डोळे ठणठणीत, तरी रक्तात आहे म्हणे. असेल! मग ते त्याच्या आईकडचं. मंजुळाच्या माहेरी सगळेच तसले. ती गेली वर, आता विचारा कुणाला विचारायचं ते. आमची पत्रिका जुळवलेली, छत्तीसातले एकतीस गुण — आता तुम्ही रक्ताची पत्रिका मांडता होय?

हा? हा माझा डोळा काचेचा आहे. विटी लागून गेला गावी. जन्मतः दोन्ही धड होते — थांब, पुरावाच दाखवतो. हा बघ मी, दीड वर्षाचा, लालबागच्या स्टुडिओत. कसा गुटगुटीत!

शाई? कुठाय शाई? हां, ते बुबुळ... आईनं भरलं टाकानं. फोटोत डोळा पांढरा आला होता, मांजरासारखा. स्टुडिओवाल्यानं वाट लावली, म्हणायची. दिशाच्या वाढदिवसाच्या फोटोत पण अस्साच आला — मी नितेशला म्हटलं, तुझा मोबाईल भंगार आहे, फेकून दे...

विटी कधी लागली? दोन वर्षांचा होतो. तेवढं पोर विटी-दांडू — अगं, मोठी पोरं खेळत होती, मी बाजूला उभा होतो! आई सांगायची. मी कुठं बघायला गेलो.

अशी बघू नको माझ्याकडं. प्रांजलला, माझ्या लेकीला, आठवा लागलाय. डॉक्टर तिला म्हणाले, तुझंही रक्त तपासून घे. दोष निघाला तर बाळाचे डोळे जन्मल्या जन्मल्या बघू, वेळेत कळलं तर वाचतात. मी म्हटलं, काही नको, आपलं रक्त सोनं आहे. जन्मात माझं एक ऐकलं नाही तिनं. हेच नेमकं ऐकलं.

फोटो दे इकडं. हा घे हात, बांध ती पट्टी. आणि फॉर्मवरचं ते 'नाही' काट. काट म्हणतो ना!

झालं? प्रांजलला फोन लावून दे, मला बटणं दिसत नाहीत. वाजतोय? आण. तू नीघ आता, चहा राहू दे. जाताना दार ओढ — पूर्ण ओढ.